पोटावरचा टाका आणि वांझपणाचा शिक्का

मुलगी पाहायला पाहुणे आले की तिचं शिक्षण, उंची, स्वयंपाक, कुराण कुठवर झालं, हे सगळं बैठकीत उघडपणे विचारलं जातं. एक प्रश्न मात्र आतल्या खोलीत, बायकाबायकांत, आवाज खाली करून विचारतात : ‘कोई आप्रेशन वगैरे तो नै हुआ ना?’ मुलीचं अपेंडिक्स काढलेलं असेल तर तिची आई क्षणभर थांबते आणि ‘नाही’ म्हणते. खरं सांगितलं तर पुढचा निरोप येणार नाही, हे तिला ठाऊक असतं. नांदेडच्या इतवाऱ्यात हे चालतं, लातूरच्या पटेल चौकात चालतं, आणि आमच्या शेजारच्या मराठा, लिंगायत, बौद्ध घरांतही चालतं. तिथं फक्त शब्द बदलतात. ‘पोटाला चिरा लागलेली पोरगी’ म्हणतात.

या समजाची किंमत दोन प्रकारच्या मुली मोजतात. पहिली म्हणजे जिचं ऑपरेशन झालेलं आहे ती. लग्नानंतर वर्षभरात दिवस गेले नाहीत की सासरी तिच्या टाक्याचा शोध लागतो आणि मग दुसरं कुठलंही कारण शोधायची गरज उरत नाही. दुसरी म्हणजे जिचं ऑपरेशन आज, या घडीला व्हायला हवं ती. ‘पुढं लग्नाचं कसं होईल’ या विचारात तिचे आईवडील एक रात्र काढतात, मग दुसरा दिवस काढतात. या दुसऱ्या मुलीची मला जास्त काळजी वाटते.

मी डॉक्टर नाही. बी.एड. झालेली भाषाशिक्षिका आहे. माहेर उदगीरचं, नोकरी नांदेडला. उर्दू माध्यमाच्या मुलींना मराठी शिकवते. पण मुलींच्या शाळेत वीस वर्षं काढली की पोटदुखी हा विषय आपोआप रोजचा होतो. त्यामुळे या विषयावर जे वाचलं, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं, ते इथं मांडते. माझं म्हणणं थोडक्यात असं की मुलीची कूस अपेंडिक्सच्या ऑपरेशननं धोक्यात येत नाही. ती धोक्यात येते ती पोटाचं दुखणं अंगावर काढण्यानं. आणि हे अपेंडिक्सपुरतं खरं नाही, वंध्यत्वाच्या इतर बऱ्याच कारणांनाही लागू पडतं.

आधी ही भीती आली कुठून ते पाहू. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लटकणारी बोटाएवढी बंद नळी. मराठी पुस्तकात तिला आंत्रपुच्छ म्हणतात. ती पोटात उजवीकडे खाली असते आणि बाईच्या शरीरात तिथून जवळच उजवी गर्भनलिका आणि उजवं अंडाशय असतं. अपेंडिक्स सुजलं, त्यात पू झाला आणि ते फुटलं तर तो पू ओटीपोटात पसरतो. पुढे तिथली आतडी, नलिका, अंडाशय एकमेकांना चिकटू शकतात. गर्भनलिका अतिशय नाजूक असते. बाहेरून चिकटली किंवा वाकली तर बीज तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे भीती अगदी हवेतली नव्हती. पण तिच्या मुळाशी ‘फुटणं’ आहे, ‘काढणं’ नाही. लोकांनी दोन्ही गोष्टी एकच करून टाकल्या.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी दुसऱ्या तासाला बाकावर वाकून बसली. विचारलं तर म्हणाली, काही नाही. मैत्रिणीनं सांगितलं की काल रात्रीपासून दुखतंय, सकाळी काही खाल्लं नाही, एकदा उलटी झाली. घरी आजीनं ‘नाफ टली’ म्हणून पोट चोळून दिलं होतं. आमच्या शेजारी यालाच ‘बेंबी सरकली’ म्हणतात. वडिलांना बोलावून तिला दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, सर्जननं आजच ऑपरेशन करू म्हणून सांगितलं. वडील हमालीचं काम करणारे, मुलीवर जीव असलेला माणूस. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मॅडम, चिरा लगा तो आगे जाके बच्चे होते क्या नै होते?’ पैशाचं त्यांनी नंतर विचारलं. आधी हे विचारलं. मी तो प्रश्न जसाच्या तसा सर्जनपुढं ठेवला. ते म्हणाले, ‘आज काढलं तर काही होत नाही. फुटू दिलं तर मग पुढचं सोडा, आधी मुलगीच धोक्यात येईल.’ वडिलांनी सही केली. मुलगी आठ दिवसांनी वर्गात आली.

त्या वडिलांना मी हसत नाही. त्यांचा प्रश्न आपल्या सगळ्या समाजाचा होता, आणि जगभरच्या डॉक्टरांनीही तो विचारलेला आहे. १९८६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. गर्भनलिकेच्या दोषामुळे मूल न होणाऱ्या बायका आणि मुलं झालेल्या बायका, अशी तुलना त्यांनी केली. ज्यांचं अपेंडिक्स फुटलं होतं आणि ज्यांना आधी मूल नव्हतं, त्यांच्यात नलिकेचा दोष असण्याचा धोका ४.८ पट दिसला. पण ज्यांचं अपेंडिक्स फुटण्याआधी काढलं होतं त्यांच्यात धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे सगळ्यात घाबरवणाऱ्या अभ्यासातसुद्धा वेळेत झालेल्या ऑपरेशनवर ठपका नव्हता.

पुढे १९९९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्वीडनचा अभ्यास छापून आला. १९६४ ते १९८३ या काळात, वयाची पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत अपेंडिक्स काढलेल्या ९,८४० मुली त्यांनी नोंदींतून शोधल्या आणि पुढे त्यांना मुलं झाली का ते पाहिलं. इतर बायकांशी तुलना केली तेव्हा लहानपणी अपेंडिक्स फुटलेल्या मुलींच्याही मुलं होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. त्यानंतर ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या नोंदींवरून आणखी मोठा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात फक्त अपेंडिक्स काढलेल्या ५४,६७५ बायका होत्या. त्यांपैकी ५४.४ टक्के बायकांना पुढे दिवस गेले. ऑपरेशन न झालेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या बायकांत हे प्रमाण ४३.७ टक्के होतं. आता यावरून ‘अपेंडिक्स काढलं की मुलं जास्त होतात’ असा उलटा गैरसमज कुणी करून घेऊ नये. हा फरक शरीरापेक्षा राहणीमानाच्या कारणांनी असण्याची शक्यता जास्त, असं त्या संशोधकांचंच मत होतं. आपल्यासाठी त्यातून घ्यायची गोष्ट एवढीच की, टाका पडला म्हणून कूस बंद झाली, या समजाला आधार नाही.

फुटलेलं अपेंडिक्स निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. फुटलं की जिवाशी गाठ असते, दवाखान्यातले दिवस वाढतात, खर्च वाढतो, आणि एखादीच्या ओटीपोटात चिकटणं राहून जाऊ शकतं. म्हणून सगळा मुद्दा वेळेवर येतो. अमेरिकेत २००६ साली झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या ३६ तासांत फुटण्याचा धोका दोन टक्के किंवा त्याहून कमी असतो. त्यानंतर उपचार न मिळता जाणाऱ्या दर बारा तासांना तो साधारण पाच टक्के असतो. छत्तीस तास म्हणजे दीड दिवस. आता आपल्याकडे हा दीड दिवस कसा जातो ते बघा. पहिली संध्याकाळ : ‘पाळीचं असेल.’ रात्र : ओवा, गरम पाण्याची पिशवी, पोट चोळणं, कुठं कुठं एरंडेल. सकाळ : ‘अब्बा कामावरून येऊ देत.’ दुपार : गल्लीतल्या डॉक्टरचं इंजेक्शन. संध्याकाळ : किनवट किंवा माहूरकडची मुलगी असेल तर नांदेडला पोचायला सव्वाशे किलोमीटरहून जास्त रस्ता. गाडी कुणाची, सोबत कोण, लेडी डॉक्टर मिळेल का, हे ठरेपर्यंत दुसरी रात्र.

लातूरला तर वेगळीच तऱ्हा आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या नावानं मराठवाडाभरातून मुली तिथं येतात, होस्टेलवर राहतात, नीटची तयारी करतात. आपल्या समाजातल्याही मुली आता मोठ्या संख्येनं जातात, याचा मला आनंद आहे. पचनसंस्थेची आकृती काढून त्यात अपेंडिक्स कुठं ते दाखवा म्हटलं तर या मुली डोळे मिटून दाखवतील. पण स्वतःच्या पोटात तिथं दुखलं तर टेस्ट बुडेल म्हणून गोळी घेऊन पडून राहतात आणि घरी फोन करत नाहीत. पुस्तकातलं शरीर आणि स्वतःचं शरीर यांचा संबंध आपण त्यांना जोडून दिलेला नाही. स्वतःच्या शरीराबद्दल बोलायचं नसतं, हे त्या घरून शिकून आलेल्या असतात.

म्हणून आयांनी, मोठ्या बहिणींनी आणि होस्टेलच्या बाईंनी एवढं लक्षात ठेवावं. दुखणं बेंबीजवळ सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकलं, भूक मेली, मळमळ किंवा उलटी झाली, अंगात कणकण आली, चालताना-खोकताना कळ येऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोट चोळायचं नाही, जुलाबाचं औषध द्यायचं नाही. खूप दुखून एकाएकी थांबलं तर ‘बरं वाटलं’ म्हणून परत फिरायचं नाही. फुटल्यावरही थोडा वेळ दुखणं कमी होतं. अंडाशयाला पीळ पडला तरी असंच दुखतं. लग्न झालेल्या बाईची पाळी चुकलेली असेल तर गर्भ नलिकेतच वाढत असण्याची शक्यता असते. ही दोन्ही दुखणी अपेंडिक्सइतकीच तातडीची आहेत. कोणतं दुखणं कशाचं, हे घरी बसून ठरवता येत नाही. गाडीची सोय नसेल तर १०८ ची रुग्णवाहिका फुकट येते.

अपेंडिक्सवरचा हा नाहक संशय दूर केला की खरी कारणं दिसू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे नियमित संबंध ठेवून, कुठलंही साधन न वापरता बारा महिने दिवस गेले नाहीत तर त्याला वंध्यत्व म्हणतात. संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी याला तोंड द्यावं लागतं. म्हणजे आपल्या प्रत्येक गल्लीत, प्रत्येक खानदानात हे आहे. बोललं जात नाही, इतकंच.

बाईच्या बाजूनं जी कारणं आहेत त्यांत ओटीपोटातला जंतुसंसर्ग हे एक मोठं कारण. अंगावरून घाण वासाचं पांढरं जाणं, ओटीपोटात सतत दुखणं, ताप ही त्याची लक्षणं. कधी लक्षणं अगदी किरकोळ असतात. बाळंतपणात किंवा गर्भपातात स्वच्छता पाळली नाही तर, किंवा नवऱ्याकडून आलेल्या गुप्तरोगातून तो होतो. स्वीडनमध्ये अनेक वर्षं चाललेल्या एका अभ्यासात, असा संसर्ग एकदा झालेल्या बायकांपैकी आठ टक्क्यांच्या नलिका बंद होऊन मूल होण्यात अडचण आली. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण साडेएकोणीस टक्के आणि तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांत चाळीस टक्के होतं. प्रत्येक दुर्लक्षित दुखण्यानं धोका दुपटीनं वाढत गेला. आणि आपल्याकडे याला बायका काय म्हणतात? ‘धुपणी आहे, सगळ्यांनाच असते.’

सगळ्यांनाच असते, हे मात्र दुर्दैवानं खरं निघालं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, एकेकीला सरासरी ३.६. त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त आठ टक्के. बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, असं तेव्हा सगळे धरून चालत होते. मूल पोटात नसताना बाईला काय दुखतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. गडचिरोली आपल्यापासून लांब आहे, पण आपल्या घरातल्या बायकांना आज हाच प्रश्न विचारला तर उत्तर फार वेगळं येईल, असं मला वाटत नाही.

दुसरं कारण आपल्या देशात फार महत्त्वाचं आहे, ते म्हणजे जननेंद्रियांचा टीबी. टीबी फक्त छातीचा असतो असं आपल्याला वाटतं. पण फुप्फुसातले जंतू रक्तावाटे गर्भनलिकेत जाऊन बसू शकतात. खोकला नाही, ताप नाही, पाळी थोडी कमी झालेली, एवढंच. बाई मूल होत नाही म्हणून तपासायला जाते तेव्हा ते कळतं. तोवर कित्येकदा नलिका खराब झालेल्या असतात. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, पण गेलेली नलिका परत येत नाही. म्हणून घरात कुणाला टीबी झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं असतं. आपण तेही लपवतो, कारण टीबीनंही सोयरीक मोडते.

तिसरं, पाळीचे आजार. महिनोन् महिने पाळी न येणं, चेहऱ्यावर केस, वजन वाढणं, हे पीसीओएसचं लक्षण असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं मूल होण्याच्या वयातल्या सहा ते तेरा टक्के बायकांना तो असतो आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांपर्यंत बायकांना ते माहीतही नसतं. पाळीत वर्गात बसवणार नाही इतकं दुखणं हे एंडोमेट्रिओसिसचं लक्षण असू शकतं. तो साधारण दहा टक्के बायकांत असतो. थायरॉइड आहे, वाढतं वय आहे, डॉक्टरांशिवाय दुकानातून आणून घेतलेल्या गर्भपाताच्या गोळ्या आहेत. यातलं बरंच काही वेळीच कळलं तर उपचारानं आटोक्यात येतं. पण ‘लगन के बाद ठीक हो जाता’ हे आपल्याकडचं ठरलेलं औषध. आणि लग्नही कोणत्या वयात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सतराव्या वर्षी लग्न करून द्यायचं आणि अठराव्या वर्षी ‘अजून काही नाही?’ म्हणून विचारायचं, हा कुठला न्याय?

दुखणं अंगावर काढण्याचा रस्ता शेवटी कुठं जातो, ते शेजारच्या बीड जिल्ह्यात सगळ्या देशानं पाहिलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका. डोक्यावर मुकादमाची उचल, एका खाड्याचा दंड, फडावर ना संडास ना पाणी. पांढरं जाणं आणि ओटीपोटाचं दुखणं वर्षानुवर्षं तसंच. मग एके दिवशी डॉक्टर सांगतो, पिशवीच काढून टाका. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे एकीकडे पंधरा वर्षांच्या मुलीचं गरजेचं ऑपरेशन मूल होणार नाही म्हणून टाळायचं, आणि दुसरीकडे मुलं होऊन गेलेल्या बाईचं गर्भाशय गरज आहे की नाही हे न पाहता काढायचं. दोन्हीकडे बाईचं दुखणं कुणीच नीट ऐकून घेतलेलं नाही. तिला मूल व्हायचं आहे की होऊन गेलंय, एवढंच पाहिलं गेलं.

आता पुरुषांबद्दल. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनंही काही ना काही दोष असतो. कधी त्याच्या एकट्याच्या, कधी दोघांच्याही. त्याची तपासणी सगळ्यात सोपी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता वीर्याचा नमुना द्यायचा. सुई नाही, भूल नाही, टाका नाही. कुठल्याही समजदार डॉक्टरकडं गेलं तर ती सुरुवातीलाच सांगतात. आणि आपल्याकडे? बायको नांदेडला दाखवून येते, हैदराबादला दाखवून येते, कंधारच्या दर्ग्यावर जाऊन येते. तिच्या शेजारीण माहूरच्या गडावर जाऊन येतात. नवरा एक साधी तपासणी करत नाही. उलट घरात दुसऱ्या निकाहाची चर्चा सुरू होते. गुटखा खाऊन दात काळे झालेल्या माणसाला कुणी विचारत नाही की बाबा, तुझं काय? दुसऱ्या बायकोलाही मूल झालं नाही, असे दोन संसार मी स्वतः पाहिलेत. तोवर पहिलीचं आयुष्य माहेरच्या स्वयंपाकघरात निघून गेलेलं असतं.

यात धर्म मध्ये आणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. उम्मुल मोमिनीन हजरत आयेशांना मूल नव्हतं. दोन हजारांहून जास्त हदीस त्यांच्याकडून आपल्यापर्यंत आल्या, मोठमोठे सहाबी त्यांना मसले विचारायला येत. त्यांना कुणी अपुरी बाई म्हणण्याची हिंमत करेल का? हजरत इब्राहिम आणि हजरत जकरिया या पैगंबरांनी म्हातारपणापर्यंत औलादीची वाट पाहिली. औलाद देणं न देणं अल्लाहच्या हातात आहे असं आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो, आणि घरी आल्यावर त्याचा हिशेब सुनेकडं मागतो. दुआ करू नका, असं मी म्हणत नाही. मीही करते. पण इलाज करून घेणं हीसुद्धा आपल्याला दिलेली शिकवण आहे, आणि ती दोघांसाठी आहे.

आज विज्ञानानं कितीतरी दारं उघडली आहेत. १९७८ साली इंग्लंडमध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्या बाळाच्या आईच्या, लेस्ली ब्राउन यांच्या गर्भनलिका बंद होत्या. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षाचा जन्म झाला. म्हणजे नलिका बंद असलेल्या बाईलाही आई होता येतं, हे आपल्या महाराष्ट्रात सिद्ध होऊन पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पण तो उपचार महागडा आहे, एका खेपेत जमेलच असं नाही, आणि हमाली करणाऱ्या बापाच्या मुलीला तो परवडणारा नाही. तिच्यासाठी वेळेवरचं ऑपरेशन, वेळेवरची तपासणी आणि वेळेवरचं औषध हाच खरा उपाय आहे.

माझ्या वाचकांकडं मागण्या फार नाहीत. शाळांनी आठवीपासून मुलींना पोटाचं कोणतं दुखणं लपवायचं नसतं, ते नीट सांगावं. त्यासाठी वेगळा तास लागत नाही, पंधरा मिनिटं पुरतात. लग्न जमवणाऱ्यांनी आजाराची चौकशी करायचीच असेल तर दोन्ही बाजूंची करावी, मुलाच्या आईलाही तोच प्रश्न विचारावा. लग्नानंतर वर्षभर वाट पाहावी. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिने. मग डॉक्टरकडं दोघांनी एकत्र जावं, आणि पहिली तपासणी नवऱ्याची होऊ द्यावी.

आणि ज्या मुलीचं अपेंडिक्स काढलेलं आहे तिच्या आईसाठी एक शेवटची गोष्ट. दवाखान्यातून मिळालेलं डिस्चार्ज कार्ड रेशनकार्डासारखं जपून ठेवा. अपेंडिक्स फुटलं होतं की नव्हतं, ते त्यावर लिहिलेलं असतं. पुढे कधी गरज पडली तर डॉक्टरला त्याचा उपयोग होतो. आणि आतल्या खोलीत कुणी आवाज खाली करून विचारलं तर तुम्ही आवाज खाली करू नका. सांगा, हो, झालं होतं. पोरीच्या पोटात दुखलं, आम्ही त्याच दिवशी दवाखान्यात नेलं.